कोशिकापृष्ठीय प्रतिजने, उंदरातील

प्राण्याच्या कोशिकांच्या (पेशींच्या) बाह्य पटलावर असणारे आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात गेले असता तेथे प्रतिपिंडे निर्माण करणारे किंवा अन्य प्रतिकारक्रिया घडवून आणणारे जे रेणू असतात, त्यांना कोशिकापृष्ठीय प्रतिजने म्हणतात. ही प्रतिजने बहुधा प्रथिनांची किंवा कार्बोहायड्रेटयुक्त प्रथिनांची बनलेली असतात. काही प्रतिजनांचे वैशिष्ट्य मात्र केवळ कार्बोहायड्रेट भागावर अवलंबून असते. रोगप्रतिकारक यंत्रणेतील कोशिकांच्या, विशेषतः लसीका कोशिकांच्या (शरीरात शिरलेले परके पदार्थ ओळखणाऱ्या एका प्रकारच्या श्वेत कोशिकांच्या) पृष्ठभागावरील प्रतिजनांचा सर्वांत सखोल अभ्यास घरगुती उंदराच्या (मस म्युस्क्युलस) प्रयोगशाळेत वाढविलेल्या वाणांवर झालेला आहे. मानवात अवयवांचे व अस्थिमज्जेचे (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकाचे) प्रतिरोपण शक्य झाले, त्यामागील मूलतत्त्वे या लहानशा प्राण्याच्या अभ्यासातूनच हाती आलेली आहेत.

शुद्ध वाण : उंदराचा गर्भावधी १९ ते २१ दिवसांचा असतो आणि पिल्ले ६ ते ८ आठवड्यांत प्रजननक्षम होतात. त्यामुळे थोड्या काळात अनेक पिढ्या मिळू शकतात. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग २० किंवा अधिक पिढ्या चालू ठेवल्यास त्या कुलातील सर्व प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. अशा कुलाला शुद्ध वाण म्हणतात. क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी १९०९ मध्ये असा पहिला वाण (डीबीए) तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. सी ५७ ब्लॅक ६, बाल्ब सी, सी ३ एच, सीबीए, एकेआर, डीबीए २ व ए हे नंतर सर्वत्र वापरात आलेले वाण होत.

एका शुद्ध वाणातील एका उंदराच्या त्वचेचा तुकडा त्याच वाणातील दुसऱ्या उंदरावर बसविल्यास तो कायमचा रुजतो. परंतु तोच तुकडा भिन्न वाणाच्या उंदरावर बसविल्यास काही दिवसांत सुकून गळून पडतो. दोन वाणांच्या संकरातून झालेली पहिली पिढी दोन्ही मातापित्यांची त्वचा स्वीकारते. मातापिता मात्र संकरज संततीची त्वचा नाकारतात. यावरून असे दिसून येते की, प्रतिरोपण स्वीकारण्यासाठी दात्याचे सर्व प्रतिजन-निर्मितीचे जीन (गुणसूत्रातील आनुवंशिक घटक) ग्राहकाजवळ असावे लागतात आणि दोन्ही मातापित्यांकडून आलेले जीन संततीत एकाच वेळी व्यक्त होतात. अशा जीनांची स्थाने ‘न’ इतकी असल्यास दुसऱ्या संकरज पिढीतील (३/४)न, म्हणजे तीनचतुर्थांशाचा ‘न’वा घात, इतक्या उंदरांतच मूळ वाणाचे प्रतिरोपण टिकते. प्रत्यक्षात टिकणाऱ्यांचे प्रमाण फार अल्प आढळले आणि त्यावरून अशी स्थाने अनेक असली पाहिजेत, हे स्पष्ट झाले.

इतिहास : विसाव्या शतकाच्या प्रारंभी कर्करोगाच्या गाठी एका उंदरातून दुसऱ्या उंदरात रुजविण्याचे प्रयोग चालू होते. काही उंदरांत गाठ वाढते व काहींत नाहीशी होते, याचे कारण गाठीच्या विशेष गुणधर्मांत शोधले जात होते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३३ मध्ये असा विचार मांडला की, मानवी रक्तगटांप्रमाणे उंदरांच्या कोशिकांतही आनुवंशिक प्रतिजने असावीत आणि गाठीचा स्वीकार वा त्याग त्यांवर अवलंबून असावा. लंडन येथील लिस्टर संस्थेत पीटर ॲल्फ्रेड गोरर यांनी या कल्पनेची परीक्षा घेतली. ए, सीबीए व सी ५७ ब्लॅक या वाणांच्या तांबड्या कोशिकांवर वेगवेगळ्या रक्तरसांची (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवांची) क्रिया करून १९३६ मध्ये त्यांनी काही भिन्न प्रतिजने ओळखली व त्यांना रोमन आकड्यांनी संबोधिले. त्यांपैकी दुसरे प्रतिजन विशेष महत्त्वाचे ठरले. ज्या उंदरांत ते नव्हते, त्यांनी ते असलेल्या वाणाची गाठ नाकारली आणि त्यांच्या रक्तरसात त्या प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. गाठीचा नाश ती कर्करोगाची आहे म्हणून होत नसून ती परकी आहे म्हणून होतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष मूलभूत स्वरूपाचा होता.

बार हार्बर येथे जॉर्ज डेव्हिस स्नेल यांनी याच प्रश्नाचा जननिक अंगाने पाठपुरावा केला. प्रतिरोपणाचे भवितव्य ठरविणाऱ्या जीनांना त्यांनी ऊतक-अनुरूपता जीन असे नाव दिले (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहाला ऊतक म्हणतात). एका वाणातील असा एकच जीन, वारंवार संकर व निवड करून, दुसऱ्या वाणात आणण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. अशा रीतीने मिळालेले वाणांचे जोड केवळ त्या एका जीनखंडात भिन्न व अन्य सर्व बाबतींत समान असतात. गोरर, लायमन व स्नेल यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, गोररांचे दुसरे प्रतिजन आणि एक प्रभावी ऊतक-अनुरूपता जीन हे दोन्ही शेपटीला बाक आणणाऱ्या एका उत्परिवर्तनाशी सहबद्ध आहेत. म्हणजेच ते एकाच स्थानी आहेत. या स्थानाला ‘एच-२’ हे नाव मिळाले. यादरम्यान ऑक्टोबर १९४७ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा आगीत भस्मसात होऊन बहुतेक उंदीर मृत्युमुखी पडले. इतर प्रयोगशाळांना पूर्वी दिलेले वाण परत मिळाल्याने कार्य पुन्हा उभे राहिले. गोरर १९६१ मध्ये निधन पावले. स्नेल यांना झां दोसे व बारूख बेनासेराफ यांच्याबरोबर १९८० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एच-२ संकुल : प्रारंभी एकच जीन मानला गेलेला एच-२ हा उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावरील परस्परांशी निगडित अशा अनेक जीनांचा समूह आहे, असे नंतर दिसून आले. त्याच्या दोन टोकांकडील के व डी या स्थानांमध्ये जीनांची अदलाबदल होण्याचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के असते. त्यामुळे हा समूह बहुधा अखंड स्वरूपात एका पिढीकडून दुसरीकडे जातो. अशा अखंड संचाला एकगुणित संच म्हणतात व तो इंग्रजी लघुलिपीतील अक्षराने दर्शवितात. उदा., सी ५७ ब्लॅक ६ या वाणाचा संच ‘बी’, बाल्ब सी व डीबीए २ यांचा ‘डी’, तर सीबीए, सी ३ एच व एकेआर यांचा ‘के’ होय. ए वाणाचा संच ‘के’ व ‘डी’ या दोन संचांतील अदलाबदलीने बनलेला असून त्याचे एक टोक एकाचे व दुसरे टोक दुसऱ्याचे आहे. अशा पुनर्जोडित वाणांच्या साहाय्यानेच संकुलाचे विभाग निश्चित करता आले.

संकुलातील जीनांचे तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गात के, डी व एल ही प्रतिजने निर्माण करणारे जीन येतात. ही प्रतिजने शरीरातील केंद्रकयुक्त अशा जवळजवळ सर्व कोशिकांवर, आणि उंदरात तांबड्या कोशिकांवरही, आढळतात. गोरर यांना तांबड्या कोशिकांच्या समूहनावरून (गुठळ्या होण्याच्या क्रियेवरून) ती शोधता आली, याचे कारण हेच होय. दुसऱ्या वर्गातील आय-ए व आय-ई ही प्रतिजने मुख्यत्वे बी-लसीका कोशिका, महाभक्षी कोशिका व शाखायुक्त कोशिका यांवर असतात. विशिष्ट प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे जोमाने निर्माण होतील की नाही हे एच-२ वर अवलंबून असते, असे ह्यू मॅकडेव्हिट व सहकारी यांनी १९६९ च्या सुमारास दाखविले. या गुणाचा संबंध दुसऱ्या वर्गाच्या प्रतिजनांशी आहे, हे नंतर सिद्ध झाले. तिसऱ्या वर्गातील जीन रक्तरसातील पूरक प्रथिनांसारखे घटक निर्माण करतात. ते कोशिकापृष्ठीय नसल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. डी स्थानाच्या पलीकडे क्यूए व टीएल हे विभाग असून त्यांतील प्रतिजनांची रचना पहिल्या वर्गासारखी, पण विविधता कमी असते.

संरचना : पहिल्या वर्गाचे प्रतिजन दोन शृंखलांचे बनलेले असते. सुमारे ४५,००० रेणुभाराची जड शृंखला एच-२ संकुलातील जीनानुसार बनते. तिला सुमारे १२,००० रेणुभाराची बीटा-२ मायक्रोग्लोब्युलीन ही हलकी शृंखला सहसंयुजी बंधाविना जोडलेली असते. तिचा जीन एच-२ संकुलाबाहेर, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. जड शृंखलेचा कोशिकेबाहेरील भाग प्रत्येकी सुमारे ९० ॲमिनो अम्लांच्या तीन खंडांचा असतो. त्यानंतर कोशिकापटलातून आरपार जाणारा जलविरोधी भाग व शेवटी कोशिकेच्या आत राहणारी आखूड शेपटी असते. बाहेरील भागाला कार्बोहायड्रेटाच्या शृंखला जोडलेल्या असतात. के प्रतिजनाच्या ‘बी’ प्रकाराचा ॲमिनो अम्ल-क्रम स्टॅन्ली नेथन्सन व सहकारी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला.

या रेणूची त्रिमितीय रचना प्रथम मानवी प्रतिजनाच्या स्फटिकावरून १९८७ मध्ये पामेला ब्यॉर्कमन, डॉन वायली व जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. उंदराच्या के प्रतिजनाची रचना १९९२ मध्ये ज्ञात झाली. दोन्हींचे स्वरूप समान आहे. कोशिकापटलापासून दूर असलेले पहिले दोन खंड मिळून एक खोबण तयार होते. खोबणीचा तळ आठ प्रतिसमांतर पट्ट्यांचा असून तिच्या दोन्ही कडा मळसूत्री शृंखलांच्या असतात. या खोबणीत ८ ते १० ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड (प्रथिनाचा लहान तुकडा) घट्ट बसलेले असते. हे पेप्टाइड कोशिकेच्या आत तयार झालेल्या प्रथिनांच्या विघटनातून येते.

दुसऱ्या वर्गाच्या प्रतिजनातही दोन शृंखला असतात. परंतु दोन्ही एच-२ संकुलातील जीनांपासून बनतात व दोन्ही पटलातून आरपार जातात. आल्फा शृंखलेचा रेणुभार ३३,००० ते ३५,००० आणि बीटा शृंखलेचा २७,००० ते २९,००० असतो. येथे खोबण दोन्ही शृंखला मिळून बनवितात. तिची दोन्ही टोके उघडी असल्याने १३ ते २५ ॲमिनो अम्लांची लांब पेप्टाइडे तीत सामावतात. ही पेप्टाइडे बहुधा कोशिकेने बाहेरून गिळलेल्या पदार्थांपासून आलेली असतात. ‘बी’, ‘एस’, ‘एफ’ व ‘क्यू’ या संचांच्या वाणांत एका जीनातील दोषामुळे आय-ई प्रतिजन पृष्ठभागावर येतच नाही. तरीही हे वाण निरोगी राहतात.

विविधता : एच-२ प्रतिजनांचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्यांची बहुरूपता. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत एखाद्या जातीत एक-दोनच सर्वसामान्य प्रकार असतात. वन्य उंदरांच्या विस्तृत पाहणीनंतर के व डी या प्रत्येक स्थानी शंभराच्या आसपास पर्यायी जीन असावेत, असा अंदाज यान क्लाइन यांनी केला. दोन पर्यायी प्रकारांत एखाददुसऱ्या नव्हे, तर अनेक ॲमिनो अम्लांचा फरक असतो आणि हे फरक मुख्यत्वे खोबणीच्या तळाशी व कडांशी एकवटलेले असतात. प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखल्या जाणाऱ्या वैशिष्ट्यांना क्रमांक देण्याची पद्धत पडली. त्यांपैकी एकाच संचात आढळणाऱ्यांना खाजगी व अनेक संचांत आढळणाऱ्यांना सामाईक वैशिष्ट्ये म्हणत; उदा., ३३ हे ‘बी’ संचातील के प्रतिजनाचे, तर २ हे त्याच संचातील डी प्रतिजनाचे खाजगी वैशिष्ट्य होय.

ही विविधता तीन प्रकारे निर्माण होते व टिकते. एक म्हणजे एकाच कामाचे अनेक जीन असतात. दुसरे, प्रत्येक जीनाचे अनेक पर्याय असतात व मातापित्यांकडून आलेले दोन्ही पर्याय एकाच कोशिकेवर व्यक्त होतात. तिसरे, एका जीनाचा लहान तुकडा शेजारच्या सदृश जीनात नकलला जाऊन नवीन पर्याय उद्‌भवतो. या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण सी ५७ ब्लॅक ६ वाणात सापडलेल्या ‘बीएम १’ या उत्परिवर्ती वाणाने मिळाले. त्याच्या के प्रतिजनात १५२, १५५ व १५६ या जवळजवळच्या तीन स्थानी ॲमिनो अम्ले बदललेली असून हा बदल क्यूए विभागातील एका जीनाकडून आला असल्याचे १९८३ मध्ये दिसून आले. एवढ्या अल्प फरकामुळेही मूळ व उत्परिवर्ती वाण परस्परांची त्वचा नाकारतात.

कार्य : ज्या रेणूंमुळे प्रतिरोपण नाकारले जाते ते निसर्गात कशासाठी असावेत, हा प्रश्न दीर्घ काळ अनुत्तरित होता, कारण निसर्गात एका उंदराची त्वचा दुसऱ्यावर बसविली जात नाही. कॅनबरा येथे १९७४ मध्ये रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी उंदरांना मस्तिष्कावरणशोथ निर्माण करणाऱ्या एका व्हायरसाची बाधा करून त्यांच्या टी-लसीका कोशिका वेगळ्या केल्या. या कोशिका व्हायरसबाधित कोशिकांचा नाश करीत. परंतु बाधित कोशिका त्याच एच-२ प्रकाराच्या असतील तरच. भिन्न एच-२ असलेल्या बाधित कोशिका त्यांच्या तडाख्यातून सुटत. म्हणजे टी-लसीका कोशिका परके प्रतिजन सुटे ओळखत नसून ते स्वतःच्या एच-२ प्रतिजनासमवेत ओळखतात. या शोधाबद्दल दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ॲलन टाउनसेंड व सहकारी यांनी १९८६ मध्ये इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाच्या प्रथिनाचे लहान पेप्टाइडही ही क्रिया घडवून आणण्यास पुरेसे असल्याचे दाखविले आणि खोबणीच्या रचनेने त्याचा अर्थ स्पष्ट केला.

कोणते पेप्टाइड खोबणीत बसेल हे प्रतिजनाच्या प्रकारावर अवलंबून असते. ‘बी’ प्रकारचे के प्रतिजन बहुधा आठ ॲमिनो अम्लांची व पाचव्या स्थानी फिनिल ॲलॅनीन किंवा टायरोसीन असलेली पेप्टाइडे धरते. ‘डी’ प्रकारचे के प्रतिजन नऊ ॲमिनो अम्लांची व दुसऱ्या स्थानी टायरोसीन असलेली पेप्टाइडे पसंत करते. हे नियम हान्स-गेऑर्ग रॅमेन्झे यांच्या गटाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. यावरून विविधतेचे प्रयोजन उमगते. एखादा व्हायरस एका प्रकारच्या खोबणीला चुकवू शकला, तरी समाजातील सर्व प्राण्यांच्या सर्व खोबणींना चुकविणे त्यास जवळजवळ अशक्य असते. अर्थात व्यक्तीच्या दृष्टीने प्रतिरोपणात अडथळा ठरणारी ही विविधता जातीच्या दृष्टीने साथीच्या रोगांपासूनचे संरक्षण ठरते.

लसीका कोशिकांवरील विभेदक प्रतिजने : एच-२ प्रतिजने बहुतेक कोशिकांवर असतात, याउलट काही प्रतिजने विशिष्ट प्रकारच्या किंवा विशिष्ट अवस्थेतील कोशिकांवरच आढळतात. त्यांना विभेदक प्रतिजने म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या लसीका कोशिकांचे कार्यानुसार वर्गीकरण करणे त्यांच्यामुळे शक्य झाले.

लॉइड ओल्ड, एडवर्ड बॉइस व एलिझाबेथ स्टॉकर्ट यांनी १९६३ मध्ये उंदरातील ल्युकेमियाच्या (श्वेत कोशिकांच्या कर्करोगाच्या) कोशिकांवर टीएल हे प्रतिजन शोधले. काही वाणांत ते यौवनलोपी ग्रंथीतील (छातीच्या वरच्या भागातील, वयानुसार लहान होत जाणाऱ्या ग्रंथीतील) निरोगी कोशिकांवरही असते. ज्या वाणांत ते निरोगी कोशिकांवर नसते त्यांच्या ल्युकेमिया-कोशिकांवर मात्र ते प्रकट होऊ शकते. म्हणजे त्याचा जीन तेथे अस्तित्वात असून केवळ सुप्त असतो.

ए. ई. राइफ व जोन ॲलन यांनी १९६४ च्या सुमारास वर्णन केलेले थीटा प्रतिजन पुढे थाय-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. ते उंदराच्या टी-लसीका कोशिकांवर व मेंदूतील कोशिकांवर विपुल प्रमाणात असते. बी-लसीका कोशिकांवर नसते. त्याचे दोनच प्रकार असून एकेआर वाणात पहिला व बहुतेक अन्य वाणांत दुसरा आढळतो. दोहोंत केवळ ८९ व्या स्थानी फरक असतो : पहिल्यात तेथे आर्जिनीन, तर दुसऱ्यात ग्लुटामीन असते. सुमारे ११० ॲमिनो अम्लांच्या या रेणूची घडी प्रतिपिंडाच्या एका खंडासारखी असते. तो पटलातून आरपार जात नाही, तर एका लिपिडाच्या साहाय्याने बाह्य पृष्ठाला अडकलेला असतो. विविधतेच्या दृष्टीने थाय-१ हे एच-२ च्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय.

बॉइस व सहकारी यांनी लाय मालिकेतील प्रतिजने ओळखली. हार्वी कँटर व बॉइस यांनी १९७५ मध्ये त्यांच्या साहाय्याने टी-लसीका कोशिकांचे कार्यभेद दाखविले : केवळ लाय-१ असलेल्या कोशिका प्रतिपिंड-निर्मितीस साहाय्य करतात, तर लाय-२ व लाय-३ असलेल्या कोशिका परक्या कोशिकांचा नाश करतात. त्याच वर्षी गेओर्ग क्योलर व सेसार मिल्स्टाइन यांनी एकसंध प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधून काढली आणि अशा प्रतिजनांची संख्या झपाट्याने वाढली. नावांतील गोंधळ टाळण्यासाठी पॅरिस येथे १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर ‘सीडी’ ही क्रमांकपद्धती सुरू झाली. तीनुसार लाय-१ ला सीडी ५, लाय-२ व लाय-३ यांना सीडी ८ च्या दोन शृंखला, थाय-१ ला सीडी ९० आणि लाय-५ ला सीडी ४५ म्हणतात. साहाय्यक टी-कोशिकांवरील एल ३ टी ४ हे प्रतिजन म्हणजे सीडी ४ होय. सीडी ८ हा रेणू पहिल्या वर्गाच्या व सीडी ४ हा दुसऱ्या वर्गाच्या एच-२ प्रतिजनाच्या न बदलणाऱ्या भागाशी जोडला जातो. त्यामुळेच या दोन प्रकारच्या कोशिका दोन भिन्न वर्गांच्या प्रतिजनांकडे वळतात.

गौण प्रतिजने : एच-२ समान असूनही प्रतिरोपण कधीकधी सावकाश नाकारले जाते. एच-२ भिन्न असल्यास त्वचा साधारणतः दोन आठवड्यांच्या आत गळते. गौण प्रतिजनांच्या फरकात त्याला कित्येक आठवडे ते महिने लागतात. एकाच शुद्ध वाणातील मादी नराची त्वचा नाकारू शकते, हे एर्न्स्ट आइखव्हाल्ट व सी. आर. सिल्मसर यांनी १९५५ मध्ये दाखविले. हे एच-वाय प्रतिजन म्हणजे नराच्या वाय गुणसूत्रावरील जीनांनी बनविलेल्या प्रथिनांची एच-२ खोबणीत बसलेली पेप्टाइडे होत.

हिलियर्ड फेस्टन्स्टाइन यांनी १९७३ मध्ये वर्णिलेली एमएलएस प्रतिजने अनेक वर्षे कोडे ठरली होती. एच-२ समान असूनही ती टी-लसीका कोशिकांना प्रबळ चेतना देत. उंदरातील स्तनकर्करोगास कारणीभूत होणाऱ्या व्हायरसाचे जीन पूर्वी केव्हातरी उंदराच्या गुणसूत्रांत समाविष्ट झाले असून ही प्रतिजने त्यांचीच निर्मिती आहेत, हे १९९१ मध्ये उघड झाले. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा म्हणून दाखविलेला कर्करोगकारक घटक तो हाच व्हायरस होय.

महाराष्ट्रातील संशोधन : स्तनकर्करोगाच्या अभ्यासासाठी शुद्ध वाणांचे उंदीर वाढविण्याचे कार्य मुंबई येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात झाले. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये हे केंद्र स्थापन झाले. ते पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले. पुणे येथे १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तेथे ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या वाणांत आनुवंशिकता, हॉर्मोने व व्हायरस यांचा स्तनकर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासला. केंद्राच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाणारा आयसीआरसी हा उंदराचा वाण तेथे विकसित झाला. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातही उंदरांच्या प्रतिकारकोशिकांवर संशोधन होते.

कोशिकापृष्ठीय प्रतिजनांच्या मानवी अभ्यासात महाराष्ट्राची एक नोंद जागतिक वाङ्‌मयात कायम झालेली आहे. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९५२ मध्ये मुंबईतील काही व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर ए व बी ही प्रतिजने तर नाहीतच, पण सर्वसामान्य ओ रक्तगटात असणारे एच प्रतिजनही नाही, असे दाखविले. ‘बाँबे रक्तगट’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या प्रकारात एच प्रतिजनाची शेवटची शर्करा जोडणारे एंझाइम जननिक दोषामुळे अकार्यक्षम असते. ती शर्करा नसल्याने ए व बी यांच्या शर्करा जोडल्याच जात नाहीत. अशा व्यक्तीच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्यामुळे तिला ओ गटाचे रक्त दिल्यास प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते. केवळ बाँबे गटाचेच रक्त चालते. या गटाचे प्रमाण भारतात सुमारे दहा हजारांत एक, तर यूरोपात दहा लाखांत एक इतके मानतात. [⟶ रक्तगट].

वैद्यकीय महत्त्व : उंदरातील एच-२ शी तुल्य असे मानवी संकुल सहाव्या गुणसूत्रावर असून त्याला एचएलए म्हणतात. त्यातील पहिले प्रतिजन दोसे यांनी १९५८ मध्ये ओळखले. ज्ञात पर्यायी जीनांची संख्या आता ३५,००० हून अधिक झाली आहे. मूत्रपिंड व विशेषतः अस्थिमज्जा यांच्या प्रतिरोपणापूर्वी दाता व ग्राहक यांच्या एचएलए प्रतिजनांची जुळणी तपासतात. एकगुणित संच अखंड जात असल्याने सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. असंबंधित व्यक्तींत ती फारच अल्प असते. अस्थिमज्जा-प्रतिरोपणात धोका दुहेरी असतो : ग्राहक दात्याच्या कोशिका नाकारतोच, शिवाय दात्याच्या लसीका कोशिका ग्राहकाच्या ऊतकांवर हल्ला करू शकतात. ही दुसरी प्रतिक्रियाही प्रथम उंदरांतच नीट अभ्यासली गेली.

विदर्भाच्या दृष्टीने हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील दात्रकोशिका विकृतीची (तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक विकृतीची) नोंद प्रसिद्ध केली. ही विकृती यवतमाळसह विदर्भाच्या अनेक जिल्ह्यांत आढळते. तीव्र विकृती असलेल्या रुग्णास वारंवार रक्त द्यावे लागल्यास दात्यांच्या कोशिकांवरील गौण रक्तगट-प्रतिजनांविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे साठत जातात व पुढे योग्य रक्त मिळणे अवघड होते. म्हणून केवळ ए, बी व आऱ्हेस गट न पाहता विस्तृत जुळणी करणे इष्ट असते. या विकृतीवर स्थायी उपाय ठरू शकणाऱ्या अस्थिमज्जा-प्रतिरोपणासाठी एचएलए जुळणारे भावंड मिळणे सर्वांत श्रेयस्कर असते. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातील कुटुंबात दोन-तीनच अपत्ये असतील, तर असे भावंड न मिळण्याचाच संभव अधिक असतो. एक भावंड असल्यास तो ७५ टक्के व दोन असल्यास सुमारे ५६ टक्के असतो. शिवाय जुळणारे भावंड स्वतः त्या विकृतीपासून मुक्त असावे लागते. अशा वेळी असंबंधित दात्यांच्या नोंदवह्यांचा आधार घ्यावा लागतो. एकगुणित संच समाजासमाजांत भिन्न प्रमाणात आढळत असल्यामुळे ज्या समाजातील दात्यांची नोंद अल्प, त्या समाजातील रुग्णास जुळणारा दाता मिळण्याची शक्यताही अल्प राहते.

उंदरावरून काढलेले निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उदा., एच-२ प्रतिजने उंदराच्या तांबड्या कोशिकांवर सहज आढळतात, तर एचएलए प्रतिजने मानवी तांबड्या कोशिकांवर अत्यल्प असतात. थाय-१ उंदराच्या टी-लसीका कोशिकांची खूण आहे, पण मानवाच्या परिपक्व टी-लसीका कोशिकांवर ते सामान्यतः नसते. तथापि संकुलाची मांडणी, खोबणीची रचना आणि स्वतःच्या प्रतिजनासमवेतच परके ओळखण्याचा नियम ही तिन्ही तत्त्वे दोन्ही जातींत समान आहेत. [⟶ अस्थिमज्जा, आनुवंशिकी, ऊतक-प्रतिरोपण, रोगप्रतिकारक्षमता].